अण्णांचा पेपर टीव्हीवर: प्रकल्प नोंदी

शनिवार, १३ जुलै २०२४. रात्री उशिरा

अण्णांच्या डोळ्यांचं दुखणं वाढल्यापासून घरात पेपर येतो आणि घडीसुद्धा न मोडता रद्दीत जातो. मोबाइलवर अक्षर मोठं केलं की ओळीचं शेपूट पडद्याबाहेर जातं, मग ते सरकवताना ओळच हरवते. म्हणून हा घाट: हॉलमधल्या ३२ इंची टीव्हीला कॉम्प्युटर जोडायचा आणि ई-पेपर त्यावर उघडायचा. माउसचं चाक फिरवलं की अक्षर हवं तेवढं मोठं.

सामान: एका ऑफिसातून निकाली निघालेला जुना डेस्कटॉप. त्याला मागे फक्त व्हीजीए (जुन्या मॉनिटरचं तोंड), म्हणून पुण्याला गेलो तेव्हा तपकीर गल्लीतून बिनपंख्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं, ९०० रुपये. व्हीजीए, डीव्हीआय (दोन्ही फक्त चित्राची) आणि एचडीएमआय (चित्र-आवाज दोन्हींचं) अशी तीन तोंडं. दुकानदाराने मॉनिटर लावून चालवून दाखवलं होतं. वर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, घाईघाईत, पुढे-पुढे-पुढे करत. टीव्ही २०१४ सालचा, पॅनल १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचं. टीव्हीला एचडीएमआयची दोन तोंडं: दोन नंबरला सेट टॉप बॉक्स, एक नंबर रिकामं. अर्थात एक नंबरला लावलं.

चित्र आलं, पण असं आलं की नसतं आलं तर बरं. सगळं आडवं फुगलेलं. बातमीतल्या फोटोतले गोल चेहरे भोपळ्यासारखे. सेटिंगमध्ये जास्तीत जास्त १०२४ बाय ७६८, त्यापुढे पर्यायच नाही. आवाजही नाही. आवाजाच्या यादीत एचडीएमआयचं नावच नाही.

निदान (रात्री ११): कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम. दुसरा टाकला. मग तिसरा. मग काळा पडदा. मग पुन्हा पहिला. तीन तास गेले.

रविवार, १४ जुलै

सकाळी डोकं थंड असताना जे आधी करायला हवं होतं ते केलं. तेच कार्ड, तेच तोंड, तीच केबल, फक्त पलीकडे टीव्हीऐवजी माझा मॉनिटर. एका क्षणात १९२० बाय १०८०, आवाजासकट. म्हणजे काल रात्री चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. कार्ड निर्दोष, ड्रायव्हर निर्दोष, केबलही बरी.

मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय म्हणतो ते पाहिलं. प्रत्येक तोंडासाठी सिस्टिमच्या फोल्डरात दोन छोट्या फाइल्स असतात. एकीत 'जोडलेलं आहे की नाही', दुसरीत एडिड. एडिड म्हणजे पडद्याने स्वतःबद्दल दिलेली माहितीची चिठ्ठी: मी कोण, कोणती रिझोल्युशन झेपतात, आवाज घेतो की नाही. ही पद्धत १९९४ पासूनची. मूळ चिठ्ठी १२८ बाइटची, टीव्हीच्या बाबतीत तिला सहसा आणखी १२८ ची पुरवणी.

मॉनिटर लावल्यावर: जोडलेलं आहे, एडिड २५६ बाइट.
टीव्ही लावल्यावर: जोडलेलं आहे, एडिड शून्य बाइट.

घोडं इथे अडलंय. चिठ्ठीच मिळाली नाही तर लिनक्स जोखीम घेत नाही, कुठल्याही पडद्याला झेपेल असं १०२४ बाय ७६८ धरून चालतो. आवाज का नाही हेही त्यातच आलं. पलीकडचा एचडीएमआयवाला आहे, आवाज घेतो, हे चिठ्ठीतच लिहिलेलं असतं. चिठ्ठी नसेल तर कार्ड समोरच्याला साधा डीव्हीआय मॉनिटर समजतं आणि फक्त चित्र पाठवतं. म्हणजे कालची दोन दुखणी एकाच नाडीची.

'जोडलेलं आहे' हे उत्तर मात्र फसवं. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १८ नंबरवरून कार्ड ५ व्होल्ट पाठवतं. टीव्ही तेच व्होल्टेज एका रेझिस्टरमधून १९ नंबरवर परत फिरवतो, आणि कार्ड समजतं की कोणीतरी आहे. दारावरची कडी हलली एवढंच कळतं, आत कोणी जागं आहे का ते नाही. खरं बोलणं १५ आणि १६ नंबरवर चालतं.

दोन केबली बदलून पाहिल्या. शून्य आणि शून्य.

(लॉगमधल्या, म्हणजे मशीनच्या नोंदवहीतल्या, वेळा विचित्र आहेत. रात्री साडेनऊला दुपारचे चार वाजल्याचं लिहितोय. नंतर बघू.)

मंगळवार, १६ जुलै. रात्री

काल ऑफिस, घरी यायला साडेनऊ. काही नाही.

आज सगळे झोपल्यावर अदलाबदल केली: सेट टॉप बॉक्सची केबल एक नंबरला, कॉम्प्युटरची दोन नंबरला. टीव्ही भिंतीला टांगलेला, मागे चार बोटं जागा, सगळं चाचपडत. चाचपडताना बोटांना झिणझिण्या आल्या. पावसाळी दमट हवा, अनवाणी पाय, शहाबादी फरशी. लक्ष दिलं नाही.

दोन नंबरला एडिड आलं, पूर्ण २५६ बाइट. सुरुवातीची खूण बरोबर, हेक्समध्ये म्हणजे सोळाच्या मोजणीत: शून्य शून्य, मग सहा वेळा एफएफ, मग शून्य शून्य. सवयीने फाइल उतरवून ठेवली. मजा म्हणून टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करून पुन्हा वाचलं, तरी आलं. कारण चिठ्ठी ठेवलेली चिप कार्डाच्याच ५ व्होल्टवर चालते, टीव्ही झोपला तरी ती जागी.

चित्र १९२० बाय १०८०, आवाजही आला. पण चारही कडा कापलेल्या. खालची पट्टी पूर्ण गायब. दर १० ठिपक्यांवर आकडा घातलेली एक जाळी काढून पडद्यावर लावली: डावी-उजवीकडे ४८-४८ ठिपके, वर-खाली २७-२७ ठिपके आत गेलेले. म्हणजे प्रत्येक बाजूने अडीच टक्के. हा ओव्हरस्कॅन पिक्चर ट्यूबच्या काळातला. ट्यूबच्या कडेला चित्र वेडंवाकडं व्हायचं, म्हणून ते थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवत. ट्यूब गेली, खोड राहिली.

१२ वाजले. झोप. टीव्ही तसाच ठेवला. (चूक.)

बुधवार, १७ जुलै. आषाढी एकादशी

पहाटे अण्णांच्या हाकेने जाग आली. 'अरे, काय करून ठेवलंयस? आज एकादशी!' पंढरपूरची पूजा बघायला ते वर्षातून एकदा गजर लावून उठतात. टीव्हीवर काळा पडदा आणि बॉक्सचा एक कोरडा संदेश, की हा टीव्ही या केबलवरून चालणार नाही.

असं का, हे अंगणात दात घासताना लक्षात आलं. बॉक्सला चित्र पाठवण्याआधी टीव्हीशी खूण पटवावी लागते, मधल्या मध्ये कोणी कॉपी करू नये म्हणून. ही एचडीसीपीची खूणही त्याच १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून पटते. एक नंबरच्या त्या पिना मुक्या, तर खूण कोण पटवणार? माझ्या कॉम्प्युटरला खुणेची गरज नाही, म्हणून त्याने निदान फुगलेलं चित्र तरी दाखवलं होतं.

पण हे सगळं अण्णांना काय सांगणार? पिवळी-लाल-पांढरी जुनी केबल माळ्यावरून काढून बॉक्स एव्हीला लावला. चित्र धूसर, पण विठोबा दिसला. अण्णा माझ्याशी साबुदाण्याची खिचडी येईपर्यंत बोलले नाहीत.

संध्याकाळी आईने निकाल दिला: 'एव्हीवर मालिका बघणार नाही, माणसांची तोंडं कळत नाहीत.' म्हणजे बॉक्स दोन नंबरलाच राहणार. कॉम्प्युटरने मुक्या एक नंबरवरच भागवायचं.

शनिवार, २० जुलै

त्या झिणझिण्यांकडे आज वळलो. एचडीएमआय काढून ठेवली, कॉम्प्युटर चालू, मल्टीमीटर एसी व्होल्टवर. एक टोक कॅबिनेटच्या स्क्रूला, दुसरं टीव्हीमागच्या डिशच्या केबलच्या धातूच्या टोकाला. ९६ व्होल्ट.

दोन-तीनदा पाहिलं. ९६, ९५, ९६.

स्विचबोर्ड थ्री पिन आहे, एक्स्टेन्शन बोर्ड थ्री पिन आहे, प्लगही थ्री पिन. पण भिंतीतल्या डबीचे स्क्रू काढून पाहिलं (मेन बंद करून) तर अर्थिंगच्या वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही. साठ वर्षांचं घर, वायरिंग दोन तारांचं, त्यावर कोणीतरी थ्री पिनचं तोंड शोभेला बसवलेलं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटला छोटे फिल्टर कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट अधांतरी लोंबतं, २३० च्या साधारण मध्यावर म्हणजे ११५ च्या आसपास. मीटर स्वतःच थोडं ओढतो म्हणून ९६ दिसले. करंट इतका बारीक की माणसाला झिणझिण्यांपलीकडे काही होत नाही. पण टीव्हीमागच्या नाजूक पिनांना तेवढा पुरतो.

इकडे टीव्हीची जमीन डिशच्या केबलच्या जाळीतून गच्चीवरच्या लोखंडी पाइपापर्यंत, आणि पाइप पावसात भिजलेल्या भिंतीत. म्हणजे एक बाजू जमिनीला, दुसरी अधांतरी, आणि मध्ये मी चालू मशीनमध्ये प्लग खुपसतोय.

एक जुनी एचडीएमआय केबल मधोमध कापली. आतल्या तारा केसासारख्या, रंगांवर विश्वास नाही, म्हणून बझरवर एकेक पिन शोधून त्यांना कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सगळ्याची वीज काढून टीव्हीच्या बाजूने मोजलं, १६ नंबर आणि १७ नंबर (जमीन) यांच्यामध्ये:

दोन नंबरचं तोंड: काही दहा हजार ओहम, चढत जाणारे.
एक नंबरचं तोंड: ११ ओहम.

११ म्हणजे शॉर्टच. आतला संरक्षक डायोड बहुधा मेला, आणि मरताना तार जमिनीला बांधून गेला. पुतण्याने दिवाळीत याच तोंडाला लॅपटॉप लावून सिनेमा दाखवला होता, म्हणजे तेव्हा धडधाकट होतं. प्लगचं बाहेरचं कवच आधी टेकावं अशी रचना असते हे खरं, पण चार बोटांच्या फटीत तिरका प्लग दाबताना आधी काय टेकलं ते कोण बघतंय. मे महिन्यातल्या वळवाच्या विजांवरही संशय आहे. माझ्यावर जास्त.

टीव्ही उघडायचा नाही असं ठरवलं. तो डायोड तांदळाच्या कणीपेक्षा लहान, माझं सोल्डरिंग हरभऱ्याएवढं.

रविवार, २१ जुलै

वायरमन आला. मीटरच्या बोर्डापर्यंत अर्थिंग आहे, अंगणातल्या खड्ड्यातून. मीठ-कोळशाचा खड्डा, वर तुळशीची कुंडी ठेवलेली! कुंडी हलवून पाणी घातलं. त्याने फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून पाहिला, चांगला लागला. (हा प्रयोग त्याने करावा, आपण नाही.) मीटर बोर्डापासून हॉलच्या डबीपर्यंत हिरवी वायर, केसिंग पट्टीतून. ८०० रुपये आणि दोन चहा.

पुन्हा तीच दोन टोकं, तोच मीटर: ०.४ व्होल्ट.

यापुढे नियम: एचडीएमआय लावायची तर आधी दोन्ही मशीन भिंतीवरून बंद. कागदावर लिहून टीव्हीच्या खाली चिकटवलं. आईने तो कागद लगेच काढला, 'पाहुणे येतात घरात.'

शनिवार, २७ जुलै

उरलेलं काम: मुक्या तोंडाला बोलतं करता येत नाही, तर त्याच्या वतीने दुसऱ्याने चिठ्ठी द्यायची. एडिडची बनावट चिठ्ठी देणारा छोटा प्लग बाजारात मिळतो, पण दोन नंबरची चिठ्ठी माझ्याकडे फाइलमध्ये आहेच. कर्नलला बूट होतानाच सांगता येतं की या तोंडाचं एडिड तारेवरून वाचू नकोस, या फाइलमधून घे.

दोन नंबरची चिठ्ठी एक नंबरला जशीच्या तशी देणं मनाला पटेना. पुरवणीत टीव्हीने तोंडाचा पत्ता लिहिलेला असतो: एचडीएमआयच्या खुणेचे तीन बाइट, शून्य तीन, शून्य सी, शून्य शून्य, आणि त्यापुढे पत्ता. दोन नंबरचा पत्ता २० शून्य शून्य, एक नंबरचा १० शून्य शून्य. तो एक बाइट हेक्स एडिटरमध्ये २० चा १० केला. पण प्रत्येक १२८ बाइटच्या गठ्ठ्याची बेरीज २५६ ने नि:शेष भागली पाहिजे, त्यासाठी शेवटचा बाइट राखीव असतो. मधला बाइट हेक्समधल्या १० ने उतरला, म्हणून शेवटचा १० ने चढवला. किराणा दुकानाच्या वहीसारखं, इकडचं तिकडे. या पत्त्याचा उपयोग रिमोटच्या सोयीपुरता, तो मी वापरतही नाही. तरी केलं.

फाइल फर्मवेअरच्या फोल्डरात ठेवली, बूटच्या ओळीत नाव घातलं, रीस्टार्ट. १०२४ बाय ७६८. भोपळे परत.

लॉग म्हणतो फाइल सापडली नाही. डोळ्यांसमोर आहे, नाव बरोबर आहे, परवानगी बरोबर आहे. अर्धा तास घालवल्यावर उजेड पडला: ग्राफिक्सचा ड्रायव्हर इतक्या लवकर उठतो की तेव्हा हार्ड डिस्क अजून जोडलेलीच नसते. त्या वेळी कर्नलकडे फक्त शिदोरीची छोटी डिस्क असते, इनिटरॅमएफएस. चिठ्ठी त्या शिदोरीत बांधायला हवी. बांधली, शिदोरी नव्याने तयार केली, रीस्टार्ट.

१९२० बाय १०८०. आवाजाच्या यादीत एचडीएमआय आलं. मुकं तोंड बोलायला लागलं, म्हणजे त्याच्या नावाने मी बोलतोय आणि कार्डाला पत्ता नाही.

आता कडा. टीव्हीच्या मेनूत चित्राच्या आकारात 'स्क्रीन फिट' केलं, कडा आत आल्या. पण पेपर उघडल्यावर मूळ दुखणं दिसलं. १०८० ओळी ७६८ ओळींत कोंबायच्या तर काही ओळी एकमेकींत मिसळणारच. इंग्रजी अक्षर त्यात कसंबसं तगतं, आपलं नाही. शिरोरेषा एका शब्दावर काळी ठसठशीत, शेजारच्या शब्दावर करडी आणि जाड. अनुस्वार तर सरळ विरघळले. 'मंत्री' आणि 'मत्री' यांत फरक उरला नाही, 'चिंता'ची 'चिता' झाली. अण्णांना हे वाचायला देणं बरं नव्हे.

यादीच्या तळाशी १३६० बाय ७६८ होतं, टीव्हीच्याच चिठ्ठीत. पॅनल १३६६ चं आणि हे १३६० का? १३६० ला ८ ने भाग जातो, १३६६ ला जात नाही, आणि जुन्या पद्धतीच्या मोजणीला ८ च्या पटीतली रुंदी सोयीची. ते निवडलं. डावी-उजवीकडे तीन-तीन ठिपक्यांच्या काळ्या रेघा राहिल्या, भिंग लावून दिसतात तेवढ्या. बाकी प्रत्येक ठिपका आपापल्या जागी. टीव्ही या आकाराला टीव्हीचं चित्र न समजता कॉम्प्युटरचं समजतो, म्हणून कडाही कापत नाही आणि काळा रंग काळाच राहतो. १०८० वर तो धुरकट करडा दिसत होता, कार्ड १६ (काळा) ते २३५ (पांढरा) च्या पट्ट्यात रंग पाठवत होतं आणि टीव्ही ० ते २५५ ची वाट बघत होता.

शेवटचं: टीव्हीचा शार्पनेस ५० वरून ० वर. प्रत्येक शिरोरेषेच्या वर एक पांढरी सावली होती, ती गेली. हे बटण दुकानात टीव्ही विकण्यासाठी आहे.

अनुस्वार मोजले. सगळे हजर.

रविवार, २८ जुलै. सकाळी

अण्णांना सोफ्यावर बसवलं, हातात माउस दिला. पहिल्यांदा चाक उलटं फिरवलं, अक्षरं मुंगीएवढी झाली. मग जमलं. मथळे सोडून सरळ आतल्या पानावर, निधनवार्ता. एक नाव मोठ्याने वाचलं, 'हा आपल्या वर्गात होता, आई,' असं आईला म्हणाले. आईला ते आमच्यासमोर आईच म्हणतात. मग अग्रलेख. मग राशिभविष्य, ज्यावर त्यांचा विश्वास नाही.

तासाभराने चष्मा काढून म्हणाले, 'सगळं झकास आहे रे. पण तुझं ते घड्याळ साडेपाच तास मागे आहे.'

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. पहिल्या रात्री माझं लक्ष भोपळ्यांकडे, नंतर तो कोपरा कापला गेला, आणि काल मी अनुस्वार मोजत होतो. मिंट टाकताना पुढे-पुढे केलं त्यात ठिकाण निवडायचं राहिलं, मशीन ग्रीनिचच्या वेळेवर.

भारताची वेळ लावली. सकाळचे १० वाजून १२.